ओझे पाठीच्या मापाचे

मुलासाठी सदरा शिवावयाचा झाला म्हणजे घरातील वडील माणसे शिंप्याला हमखास सांगतात, "वाढते अंग आहे, जरा सैलच ठेवा." सदऱ्याच्या बाबतीत हा सल्ला शहाणपणाचा आहे. बाह्या दुमडता येतात, खालची दुमड उसवून लांबी वाढविता येते, आणि एका कापडात दोन वर्षे निघतात. जोड्यांच्या बाबतीत मात्र हे शहाणपण टिकत नाही; मापापेक्षा मोठा जोडा पायाला फोड आणतो. मग डोंगरात मुक्कामाला जाताना मुलाच्या पाठीवर जी पिशवी द्यावयाची, तिची गणना सदऱ्यात करावी की जोड्यांत? पुष्कळ घरांत हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. पिशवी ती पिशवी, तिला कसले माप, असे समजून मोठ्या भावंडाची पिशवी धाकट्याच्या पाठीवर चढविली जाते.

नाशिक जिल्ह्यातील मुलांना तर ह्या प्रश्नाचे उत्तर माहीत असणे फार अगत्याचे आहे. त्यांच्या घराच्या गच्चीवरूनच डोंगर दिसतात. पश्चिमेला त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरी आणि अंजनेरी, उत्तरेला सप्तशृंग, त्याही पलीकडे बागलाणात 1567 मीटर उंचीचा साल्हेर. आणि दक्षिणेला, अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेवर, 1646 मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर. महाराष्ट्रात त्याहून उंच शिखर नाही. पावसाळा सरून थंडी पडू लागली की नाशिककर कुटुंबे मुलाबाळांसह ह्या डोंगरांच्या पायथ्याशी एखाददुसऱ्या रात्रीच्या मुक्कामाला निघतात. तंबू, अंथरूण, शिधा, पाणी, सारे बरोबर न्यावे लागते. आणि ते पाठीवरूनच न्यावे लागते.

अशाच एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. आई, वडील आणि सहावीत शिकणारी मुलगी, अशी तिघे डिसेंबरात घोटीमार्गे भंडारदऱ्याला जाऊन प्रवरेच्या जलाशयाकाठी तंबूत राहणार आणि दुसऱ्या दिवशी कळसूबाई चढणार असे ठरले. मुलीची थोरली बहीण महाविद्यालयात शिकते. तिची निळी सॅक (गिर्यारोहक पाठीवरच्या पिशवीला सॅकच म्हणतात) कपाटावर पडून होती. धाकटीने ती उतरविली, झटकली आणि पाठीवर घेऊन आरशासमोर उभी राहिली. मागून पाहणाऱ्याला मुलीऐवजी दोन पाय फुटलेली निळी सॅकच दिसली असती.

"बाबा, ही सॅक ताईला चालते, मग मला का नाही चालणार?"

"अगं, ताईची पाठ आणि तुझी पाठ सारखी आहे का? ये, मोजू या," असे म्हणून वडिलांनी आईच्या शिवणाच्या डब्यातील टेप आणली.

पाठ मोजण्याची रीत सोपी आहे. मात्र ती फार थोड्यांना ठाऊक असते. मान पुढे झुकविली म्हणजे मानेच्या तळाशी मणक्याचा एक उंचवटा बोटाला लागतो. तेथून मोजणीला आरंभ करावयाचा. नंतर मुलाने दोन्ही हात कमरेवर, कटीच्या हाडाच्या वरच्या कडेवर ठेवावेत. अंगठे मागे यावेत. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा पाठीच्या कण्याला जेथे छेदते, तेथे मोजणी संपते. ह्या दोन ठिकाणांमधील अंतर कण्याच्या बाकाबरोबर टेप ठेवून मोजले की पाठीची लांबी मिळते. ही लांबी माणसाच्या एकूण उंचीवरून ओळखता येत नाही. दोन मुले खांद्याला खांदा लावून उभी राहिली असता अगदी सारखी दिसतात. पण एकाचे पाय लांब आणि पाठ आखूड, तर दुसऱ्याचे उलट, असे नेहमी आढळते. म्हणून "बारा वर्षांच्या मुलासाठी एक सॅक द्या" ही मागणी दुकानात करण्यात फारसा अर्थ नाही.

मुलीची पाठ 37 सेंटिमीटर भरली. थोरलीच्या सॅकचे पट्टे जेथे पाठीला टेकतात तेथपासून कमरेच्या पट्ट्यापर्यंतचे अंतर 45 सेंटिमीटर होते. आठ सेंटिमीटर म्हणजे जेमतेम चार-पाच बोटे. एवढ्याने काय बिघडते? बिघडते ते असे. चांगल्या सॅकला कमरेचा रुंद पट्टा असतो. तो कटीच्या हाडांवर घट्ट बसला म्हणजे ओझ्याचा मोठा भाग खांद्यांऐवजी कमरेवर येतो, आणि तेथून तो पायांत, शरीराच्या सर्वांत बळकट स्नायूंत, उतरतो. सॅक चार बोटे लांब असली की हा पट्टा कटीवर न बसता मांड्यांवर घसरतो. मग सारे ओझे दोन खांद्यांना लोंबकळते, पावलोपावली मागे ओढते, आणि त्याचा तोल सावरण्यासाठी मूल पुढे वाकून, मान ताणून चालू लागते. घरात दहा पावले चालताना हे जाणवत नाही. तिसऱ्या तासाला जाणवते.

ही गोष्ट आपल्याकडील जुन्या ओझेकऱ्यांना पुस्तकावाचून कळली होती. डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर भरलेला हंडा घेऊन टेकडी चढणाऱ्या बाईचा कणा किती ताठ असतो ते पाहावे. हंड्याचा भार नेमका कण्याच्या वर येतो. तो पुढे ओढत नाही की मागे. कावडीवाला दोन घागरी सारख्याच भरतो. एक घागर रिकामी झाली की दुसरी त्याचा खांदा ओढू लागते. शाळेतून येताना दप्तराचा एकच पट्टा खांद्यावर टाकून डौलात चालणारी मुले म्हणजे एकाच घागरीची कावड वाहणारे कावडीवाले होत. फक्त त्यांना ते ठाऊक नसते.

भार शरीराच्या जितका जवळ, तितका हलका वाटतो, हे पाहण्यासाठी एक साधा प्रयोग पुरेसा आहे. पाण्याने भरलेली बाटली छातीशी धरून एक मिनिट उभे राहावे. नंतर तीच बाटली हात लांब करून धरावी. वजन तसूभरही वाढलेले नसते. पण खांदा थरथरू लागतो. विज्ञानाच्या पुस्तकात तरफेचा जो नियम असतो तो हाच. सॅक जितकी जाड व फुगीर, तितके तिच्यातील सामान पाठीपासून दूर. आणि जितके दूर, तितकी ओढ अधिक. ह्यासाठीच जाणते गिर्यारोहक जड वस्तू सॅकच्या तळाशी किंवा बाहेरच्या खिशात भरीत नाहीत. त्या पाठीला चिकटून, खांद्यांच्या किंचित खाली ठेवतात. तळाशी अंथरूण व लोकर, म्हणजे जागा खाणारे पण हलके सामान घालतात.

ओझे पाठीच्या आकाराला जुळवून घेण्याची माणसाची ही खटपट फार प्राचीन आहे. 1991 साली आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेवर, बर्फात गोठलेले एका माणसाचे शव सापडले. तो सुमारे 5300 वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याच्या सामानात लाकडाची वाकविलेली काठी व फळ्या मिळाल्या. ती पाठीवर ओझे वाहण्याची चौकट असावी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी नॉर्वेमधील ओले बर्गान याने पाठीच्या बाकाप्रमाणे वळविलेली चौकट पिशवीला जोडली आणि 1909 साली तिचा हक्क आपल्या नावे नोंदविला. आजच्या सॅकच्या आत जी पातळ पट्टी किंवा तार असते, ती त्याच कल्पनेची वंशज होय.

पाठीची लांबी कळली म्हणजे अर्धे काम झाले. उरलेला अर्धा प्रश्न पोटाचा. म्हणजे सॅकच्या पोटाचा. सॅकवर 20, 45, 60 असे आकडे लिहिलेले असतात. ते लिटरचे आकडे होत. सॅकमध्ये पाणी कोणी भरत नाही. पण तिच्या आतील जागा लिटरमध्ये मोजण्याची चाल पडली आहे. एक लिटर म्हणजे 1000 घन सेंटिमीटर. समजा, एक सॅक 40 सेंटिमीटर उंच, 27 सेंटिमीटर रुंद आणि 18 सेंटिमीटर जाड आहे. ह्या तीन संख्यांचा गुणाकार 19,440 येतो. म्हणजे तिच्यात साडेएकोणीस लिटरांच्या आसपास जागा आहे, आणि दुकानदार तिला 20 लिटरची सॅक म्हणेल. थोरल्या बहिणीची सॅक 45 लिटरची होती. जवळजवळ सव्वादोन पट.

येथे भल्याभल्यांची फसगत होते. मोठी सॅक घेतली म्हणून ती पूर्ण भरलीच पाहिजे असे थोडेच आहे, असे लोक म्हणतात. परंतु रिकामी जागा माणसाला स्वस्थ बसू देत नाही. निघण्याच्या आदल्या रात्री ती म्हणते, आणखी एक स्वेटर घाल. ती म्हणते, चेंडू राहिला. ती म्हणते, ते जाड गोष्टींचे पुस्तक सुद्धा मावेल. आणि समजा, मोह आवरून ती अर्धी रिकामी ठेवली, तर आतले सामान प्रत्येक पावलाला इकडून तिकडे सरकते आणि उतारावर तोल घालविते. अकरा ते तेरा वर्षांच्या मुलाला दिवसभराच्या चढाईसाठी 15 ते 20 लिटरची आणि वडीलधाऱ्यांबरोबरच्या एका रात्रीच्या मुक्कामासाठी 20 ते 30 लिटरची सॅक पुरते. ह्यापेक्षा मोठी सॅक देणे म्हणजे मुलाला अधिक जागा देणे नव्हे, अधिक ओझे देणे होय.

आता ते ओझे किती असावे? शाळेच्या दप्तराविषयी महाराष्ट्र शासनाने 2015 साली नियम केला, की दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. 2020 च्या केंद्रीय दप्तर-धोरणातही हेच प्रमाण सांगितले आहे. जड दप्तराने कणा कायमचा वाकडा होतो असे सरसकट म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु पाठ दुखते, खांद्यांवर वळ उठतात, मान पुढे झुकते आणि थकलेले पाऊल चुकते, हे कोणालाही पाहता येण्याजोगे आहे. शाळेची वाट बहुधा सपाट असते. डोंगराची वाट चढाची आणि निसरडी. शिवाय तेथे ओझे तासन्‌तास पाठीवर असते. तेव्हा दहावा हिस्सा ही मर्यादा डोंगरात तर पाळलीच पाहिजे.

त्या मुलीचे वजन 36 किलो होते. दहावा हिस्सा 3 किलो 600 ग्रॅम. आईने स्वयंपाकघरातील काटा ओट्यावर मांडला आणि एकेक वस्तू तोलली. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली 1100 ग्रॅम. पोळ्या, चटणी आणि गूळ-शेंगदाणे अशी शिदोरी 500. कपड्यांचा एक जोड 500. स्वेटर 400. पंचा 150 आणि विजेरी 150. रिकामी सॅक 600. तिचे वजन धरावयाचे पुष्कळ लोक विसरतात. एकूण 3 किलो 400 ग्रॅम झाले. उरले 200 ग्रॅम.

"मग माझी दुर्बीण?" मुलीने विचारले.

दुर्बीण काट्यावर ठेवली. ती 450 ग्रॅम भरली. मुलगी थोडा वेळ काट्याकडे पाहत राहिली आणि मग तिने कपड्यांच्या जोडातील जाड विजार बाजूला काढून पातळ ठेवली. 250 ग्रॅम कमी झाले. "आता बसते," ती म्हणाली. कोणी सांगून हे घडले नाही. काट्यासमोर बसून आपले ओझे आपणच ठरविताना मूल जे शिकते, ते आईने परस्पर सॅक भरून दिल्यावर शिकत नाही. मुलाला स्वतःची लहान सॅक का द्यावयाची, ह्याचेही उत्तर हेच आहे. एरवी तीन-साडेतीन किलो वजन मोठ्या माणसांनी आपल्यात सहज सामावून घेतले असते.

तंबू, झोपण्याच्या पिशव्या, चूल, भांडी, शिधा, औषधे हे सारे अर्थातच मोठ्यांच्या वाट्याला येते. सुदृढ आणि सवय असलेल्या प्रौढाने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ओझे घ्यावे असा गिर्यारोहकांचा साधारण संकेत आहे. 65 किलो वजनाच्या माणसाला ही मर्यादा 13 किलो पडते. मुलाला घेऊन मुक्कामाला जाणाऱ्या मोठ्या माणसाची सॅक म्हणूनच 50 ते 65 लिटरची लागते. तिच्यात थोडी जागा आणि तिच्या मालकात थोडी शक्ती राखून ठेवावी लागते, ही गोष्ट यादीत कोठेच लिहिलेली नसते. मूल दमते, पाय मुरगळतो, ताप येतो. आणि मग मुलाची सॅकही मोठ्यांनाच उचलावी लागते. लहान सॅक मोठ्या सॅकवर आडवी बांधता येते. थोरल्या बहिणीची 45 लिटरची सॅक कोणाच्या सॅकवर बांधणार?

सॅकच्या आकाराला डोंगरात आणखी एक परीक्षा द्यावी लागते. त्र्यंबकेश्वराजवळचा हरिहर किल्ला त्याच्या पायऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. कातळात खोदलेल्या ह्या पायऱ्या शिडीसारख्या उभ्या आहेत, आणि हातांनी धरण्यासाठी पायऱ्यांत खोबणी कोरलेल्या आहेत. त्यांच्या वरच्या अंगाला एके ठिकाणी कातळ डोक्यावर झुकलेला असून खालून वाकून जावे लागते. ज्याची सॅक डोक्याच्या वर आली आहे, तो तेथे कातळाला अडकतो. ज्याची सॅक खांद्यांच्या बाहेर गेली आहे, त्याला समोरून येणाऱ्याचा धक्का लागतो. आणि ज्याची सॅक मागे लोंबते आहे, त्याला ती दरीकडे ओढते. ह्यावरून सॅक पारखण्याची खूण सहज सांगता येते: ती खांद्यांहून रुंद नसावी, ती पाठीवर असता मान वर करून आकाश पाहता यावे, आणि तिचा तळ कमरेच्या खाली लोंबू नये. छातीवरचा आडवा पट्टा लावावा, म्हणजे खांद्यांचे पट्टे निसटत नाहीत. तो इतका आवळू नये की श्वास कोंडेल.

वडिलांनी मुलीला मेन रोडवरील दुकानात नेले. एका सॅकचा रंग तिला फार आवडला. पण तिला कमरेचा पट्टा नव्हता. दुसरीची पाठ खालीवर सरकविता येत होती. आज 36 सेंटिमीटर, पुढे 44 पर्यंत. "वाढते अंग आहे" म्हणणाऱ्यांचे समाधान अशी सॅक करू शकते, कारण ती मुलाबरोबर वाढते. 22 लिटरची ती सॅक घेण्याचे ठरले. दुकानातच तिच्यात काही वजन भरून ती पाठीवर घेऊन पाहावी. रिकामी सॅक प्रत्येकाच्या पाठीवर सुंदरच दिसते.

निघण्याच्या आदल्या रविवारी तिघेही आपापल्या भरलेल्या सॅक घेऊन पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढली. त्रिरश्मी डोंगरातील ही 24 लेणी सुमारे दोन हजार वर्षांपासून नाशिकजवळ उभी आहेत. सॅकची रंगीत तालीम करण्यासाठी मात्र त्यांचा उपयोग थोडेच लोक करतात. अर्ध्या वाटेवर मुलीचा डावा खांदा दुखू लागला. पाहिले तो डावा पट्टा उजव्यापेक्षा दोन बोटे आखूड होता. पट्टे सारखे केले, कमरेचा पट्टा आधी आणि खांद्यांचे नंतर आवळले, आणि दुखणे थांबले. हीच चूक कळसूबाईच्या वाटेवर लक्षात आली असती तर मुलीने ती सांगितली असती की नाही, कोण जाणे. मुले डोंगरात दुखणे लपवितात, कारण त्यांना परत फिरावयाचे नसते.

भंडारदऱ्याला रात्र कडाक्याच्या थंडीची गेली. सकाळी तंबूतील जड सामान तळावरच ठेवून तिघे बारी गावातून चढू लागले. आषाढी वारीत त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हाही दिंडीकरी हेच करतात. वळकट्या आणि शिधा वाहनात असतो, खांद्यावर फक्त पडशी किंवा पिशवी. मुलीने कपडे काढून तळावर ठेविले. पाणी, शिदोरी, स्वेटर, दुर्बीण एवढेच तिच्या पाठीवर होते, आणि सॅकचे बाजूचे बंद आवळून तिने ती अंगासरशी करून घेतली होती.

कळसूबाईच्या वाटेवर उभ्या कातळावर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. पहिल्या शिडीपाशी गर्दी झाली होती. पुढचा एक मुलगा मधल्या पायरीवर थांबला. त्याची उंच सॅक मागे झुकत होती आणि तो दोन्ही हातांनी गज घट्ट धरून होता. त्याच्या वडिलांनी खालून वर जाऊन सॅक हाताने तोलून धरली, तेव्हा तो वर सरकला. मुलगी तिच्या पाळीला एकेक पायरी चढत गेली. वर देवीच्या लहानशा मंदिराशी पोहोचल्यावर तिने सॅक उतरविली, दुर्बीण काढली आणि अलंग, मदन, कुलंग ह्या तीन किल्ल्यांवर ती फिरवून झाल्यावर मग पाणी प्याली.

घरी आल्यावर सॅक उलटी करून झटकली, ओल्या फडक्याने पुसली आणि सावलीत वाळत घातली. दाराच्या चौकटीवर मुलीच्या उंचीच्या खुणा दरवर्षी करण्याची त्या घरात पद्धत आहे. त्या खुणेशेजारी वडिलांनी पेन्सिलीने लिहिले: पाठ, 37. पुढच्या डिसेंबरात टेप लावली तेव्हा ती 39 भरली, आणि सॅकची पाठ दोन बोटे वर सरकविण्यात आली.